मानाची फरशी

कादिरने तिसऱ्यांदा बूड सरकवलं, पण सत्तार लोन जागचा हलला नाही. चिल्लई कलानच्या, म्हणजे काश्मीरच्या चाळीस दिवसांच्या कडाक्याच्या थंडीत पाहुण्याला हमामातली, तापत्या फरशीच्या बैठकीतली, सर्वांत गरम फरशी द्यायची, हा तिथला रिवाज. जमिनीखाली जाळ, जाळाने दगड तापतो आणि दगडाने माणूस. आज तर सोयरीक ठरायची, म्हणून हबीब गनईच्या घरच्यांनी खाली लाकडं नुसती कोंबली होती. ऊब नीट लागावी म्हणून वर अंथरलेला लोकरीचा नमदाही गुंडाळून ठेवला होता. मानाच्या फरशीवर जाड उशी घेऊन पाहुणा सत्तार आणि त्याला खेटून तसाच यजमान हबीब, दोघे पायांचे तळवे दगडावर टेकवून सुखात बसले होते.

सत्तारचं लक्ष पेल्याकडे होतं. गोड कहवा नको म्हणावं, तर का नको, हे सांगावं लागलं असतं. मध्यस्थ कादिरने येतानाच बजावलं होतं, की याच हबीबने मागे एक चांगली मुलगी नाकारली. कारण काय, तर तिच्या आईला शुगर. सत्तारला ती नऊ वर्षं होती. त्याने तिसरा पेला घशाखाली ढकलला. त्याच्या लेकीने, मसर्रतने, हबीबचा हा मुलगा स्वतः पसंत केला होता. दोघं एकाच शाळेत शिकवत होती.

हबीबने तारखेचं काढलं. ईदनंतरची चालेल का, म्हणाला. सत्तारचा जीव भांड्यात पडणार, इतक्यात कादिरने नाक वर केलं. लोकर जळल्याचा वास येत होता.

हबीबची बायको झूना धावत आली. तिने फरशीला हात लावला आणि चटक्यासरशी मागे घेतला. मग तिची नजर सत्तारच्या मोज्यांवर गेली. कड करपून तपकिरी झाली होती.

आता थाप मारण्यात अर्थ नव्हता. सत्तारला रडूच यायला लागलं.

"ताई, मला शुगर आहे. पाय बधिर झालेत, चटका कळत नाही," तो म्हणाला. "पोरीला काही नाही हो. माझ्या पायांपायी तिचं मोडू नका."

झूनाचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ती त्याच फरशीवर निवांत टेकलेल्या दुसऱ्या दोन पायांकडे बघत होती.

"आणि अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्हाला कधीपासून?"