अर्धा इंची पाना

पाना मिळाला, असं म्हणत शफीक टूल स्टोअरच्या खिडकीशी आला तेव्हा सकाळचे सात वाजले होते. आत अबूबकर कालची मोजणीची वही उघडी टाकून बसला होता.

कतारमधल्या रास लफानच्या गॅस प्लांटमधला मोठा कॉम्प्रेसर दुरुस्त करून आदल्या संध्याकाळी त्याचं झाकण पुन्हा बसवलं होतं. हत्यारं परत आली ती मोजताना एक अर्धा इंची पाना कमी भरला. मोजणी जुळल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही, असा नियम. पाना आत राहिला असेल तर फिरतं मशीन फुटायचं. आठपर्यंत सापडला नाही तर कॉम्प्रेसर पुन्हा उघडायचा, असं सुपरवायझर एडविनने बजावलं होतं. पाना नेला होता शफीकने. शफीक अबूबकरच्या बहिणीचा मुलगा; मामानेच शब्द टाकून त्याला इथे लावलं होतं.

"कुठं होता?"

"पाइपाखालच्या वाळूत, मामू."

अबूबकरने पाना फडक्याने पुसला. कंपनीचा लाल पट्टा होता, तोंडाशी ग्रीस होतं, पेटीतल्या बाकी पान्यांवर असतं त्याच अमेरिकन दुकानाचं नाव होतं. त्याने तो उजेडात धरला.

हरवलेला पाना ज्या पेटीतला, ती सत्त्याण्णव साली आलेली. ते दुकान स्वतः काहीच बनवत नसे. कारखान्यांकडून हत्यारं घडवून घ्यायचं आणि वर आपलं नाव टाकायचं. कुठल्या कारखान्याचा माल, ते नावाखालच्या एका बारीक अक्षरावरून कळे. हे त्याला एका म्हाताऱ्या अमेरिकन फिटरने चहा पिता पिता शिकवलं होतं. या पेटीतल्या प्रत्येक पान्यावर 'के' होता आणि पाठीवर 'यू.एस.ए.'. पुढे दुकानाने कारखाने बदलले, देशही बदलले. नाव तेवढं तेच राहिलं.

या पान्यावर 'के' नव्हता. पाठ कोरी होती.

"हा आपला नाय," अबूबकर हळूच म्हणाला.

शफीकने खिडकीचा गज धरला. "काल कॅम्पवर गेल्यावर इंडस्ट्रियल एरियातनं विकत आणला, लाल पट्टा मीच मारला. आत नाय पडला, मामू. पडला असता तर आवाज नसता आला? पण मशीन उघडलं तर मला घरी पाठवतील. तुम्ही फक्त सही करा."

मे महिन्यात शफीकचं लग्न होतं. मुलीकडच्यांनी कतारची नोकरी बघूनच होकार दिला होता.

तेवढ्यात एडविन आलाच. पाना बघून त्याने मोठा श्वास सोडला. "मिळाला ना? सुटलो. अबूबकरभाई, सही करा. यल्ला, चला लवकर, वरून तीन फोन येऊन गेले."

पेन अबूबकरच्या हातातच होतं. एडविनला फरक कळला नसता. प्लांटमध्ये कुणालाच कळला नसता. त्याने वहीकडे पाहिलं, शफीककडे मात्र पाहिलं नाही.

"एडविनसाहेब, हा त्या पेटीतला नाही. मशीन उघडा."

उघडायला दुपारचे अडीच वाजले. पाना आतच होता, गॅस शिरते त्या तोंडाशी, चाकाच्या पात्याला टेकून पडलेला. एडविनने तो आणून खिडकीत दुसऱ्याशेजारी ठेवला.

"आज स्टार्टअपला मशीनपाशी कुणाला उभं करणार होतो, ठाऊक आहे?" त्याने विचारलं. उत्तराची वाट न बघता त्याने हनुवटीने शेडकडे दाखवलं. तिथे सावलीत शफीक गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

चार दिवसांत त्याचे कागद तयार झाले. ते चारही दिवस तो मामाशी बोलला नाही. कंपनीच्या बसमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसायचा. निघताना बॅग उचलली आणि पाठमोराच म्हणाला, "अम्मीला तुम्हीच सांगा. मी नाय सांगणार."

त्याच शुक्रवारी, शफीक घरी पोहोचायच्या आत, नमाजानंतर अबूबकरने कार्ड घालून रत्नागिरीला फोन लावला. काय बोलायचं ते त्याने सकाळपासून मनात जुळवून ठेवलं होतं. नोकरी गेली, ती माझ्या शब्दानेच गेली, लग्नाचं आता मुलीकडच्यांशी मीच बोलेन.

फोन शफीकच्या अम्मीने, हजरानेच उचलला. दर शुक्रवारी फोन शफीक करायचा. भावाचा आवाज ऐकला आणि तिचा जीव उडाला.

"भाय, आज तुम्ही कसे फोनवर? शफीक कुठंय? बरा हाय ना तो? हातपाय धड हायत ना त्याचे?"

अबूबकरने मनात जुळवलेलं सगळं बाजूला ठेवलं.

"धड हायत, हजरा," तो म्हणाला. "सगळे धड हायत."