दाखल्यावरची रत्नमाला

"मॅडम, बॅग आजच भरून ठेवू का?"

प्रशिक्षक सोनिया मॅडमनी मान वर केली नाही. हातातला एक्स-रे पाकिटात घातला आणि नुसतं म्हणाल्या, "आई येऊ दे आधी."

झालं! असं अर्धवट उत्तर कधी कुणाच्या भल्याचं असतं का? रत्नमाला मैदानाच्या कडेला जाऊन गवतात आडवी झाली. पडेगावचं हे मैदान फुटबॉल क्लबच्या अकादमीचं. डिसेंबरचं ऊन अंगावर गोधडीसारखं पडलं होतं. पलीकडे राखीव संघाच्या मुलींचा सराव चालला होता. उंच, दांडग्या, अठरा-वीस वर्षांच्या पोरी. त्यांच्या पायातून बॉल सुटायचा, हवेत जरा जास्तच वेळ थांबायचा आणि सावकाश खाली यायचा. निदान रत्नमालाला तरी तसं दिसायचं. पोरगीच तशी होती. मॅचमध्येसुद्धा अर्धवट झोपेत असल्यासारखी हिंडायची, आणि बॉल फिरून फिरून नेमका हिच्याच पायाशी यायचा. कसा, ते मॅडमनाही सांगता आलं नसतं.

पण नुसत्या त्यानं काय होतंय? अकादमीचा नियम सरळ होता. पंधरा पुरी झाली की राखीव संघात जायचं, तिथं निभाव लागत नसेल तर घरी. जन्माच्या दाखल्याप्रमाणे रत्नमालाला जानेवारीत पंधरा पुरी होत होती, आणि राखीव संघातल्या कुठल्याही पोरीनं नुसता खांदा लावला तरी ही चार हात लांब जाऊन पडायची. "अगं, तू वाढायचं विसरलीस काय?" मॅडम थट्टेनं म्हणायच्या. महिनाभरापासून ती थट्टाही बंद झाली होती.

त्यात हा एक्स-रे. नोंदणीच्या आधी सगळ्या पोरींच्या मनगटाचा काढतात. हाडांवरून खरं वय कळतं म्हणे, आणि वय चोरून खेळणाऱ्या बरोबर सापडतात. बाकी कुणाचं काही निघालं नाही. रत्नमालाच्या आईला मात्र मूळ दाखला घेऊन बोलावणं गेलं. "मोठी निघाली वाटतं आपली चिमणी," पोरी कुजबुजल्या. रत्नमालाला आधी हसू आलं. मग ती मॅडमकडे बॅगेचं विचारायला गेली होती.

तिनं डोळे मिटले. लांबून बॉलचा धप् धप् आवाज येत होता. आणि तिला ती दिसली, नेहमी दिसायची तशीच. रत्नमालाच, पण वीतभर उंच. राखीव संघाच्या निळ्या जर्सीत, बॉल घेऊन पुढं पळत सुटलेली. कितीही हाका मारल्या तरी मागं वळून बघत नव्हती.

"रत्ने, ऊठ. उन्हात काय पडलीस?"

आई आली होती. कन्नड गावाहून एसटीनं, उभ्यानं. हातात भाकरीची पिशवी आणि चेहरा पार उतरलेला. द्वारकाबाईनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवला आणि दोघी ऑफिसात गेल्या.

"ताई, मूळ दाखला आणलात?" मॅडमनी हात पुढं केला.

द्वारकाबाईनं कागद दिला, पण सोडला नाही. दोघींच्या मधे तो तसाच ताणलेला राहिला.

"दाखला खरा हाय, मॅडम," ती म्हणाली. "पर ह्या पोरीचा नाय."

रत्नमालानं वाकून कागद बघितला; नाव तर तिचंच होतं.

"हिच्या आदी एक व्हती. तिचं नाव बी रत्नमालाच. गोवर निघाला अन् चार दिवसांत गेली. ही तवा पोटात व्हती, नववा लागला व्हता. ही झाली तवा हिचे वडील म्हणले, आपलीच माघारी आली, नाव तेच ठिवू. शाळेत घालताना गुरुजींनी दाखला मागितला. घरात एकच व्हता. नाव तेच, आईबाप तेच. दिला तोच. हिचा काढायचा राहून गेला..." ती थांबली. "नाय, राहून नाय गेला. मीच काढला नाय. हिचा येगळा काढला असता, तर थोरलीचा कागद निस्ता पडून ऱ्हायला असता. मला ते बघवलं नसतं."

तिनं पदर तोंडाला लावला. "चूक माझी हाय. पोरीला काय बोलू नका. मी घिऊन जाते तिला."

रत्नमालाला आईचा भयंकर राग आला. इतकी वर्षं एका शब्दानं सांगितलं नाही! आणि त्याच वेळी आईला घट्ट मिठी मारावी असंही वाटलं.

मॅडमनी एक्स-रे खिडकीच्या काचेला लावला. उन्हात मनगटाची बारीक हाडं उजळली.

"घेऊन कुठं जाताय, ताई? हे बघा. हे मनगट पंधराचं नाही, तेराचं आहे. मशीन बिघडलं असेल म्हणून मी दोनदा काढायला लावला. कागद एक सांगतोय, हाड दुसरंच, म्हणून तर तुम्हाला बोलावलं. वय कमी लावणाऱ्या ढीगभर पाहिल्या मी. वाढवून लावलेली ही पहिलीच!" आता त्या चक्क हसत होत्या. "कागद दुरुस्त करून घेऊ, ती डोकेदुखी माझी. उंची वाढायची आहे अजून हिची. राखीव संघाचं नंतर बघू. दोन वर्षं आहेत हिच्याकडे."

द्वारकाबाईला उमगायला वेळ लागला. "दोन वर्षं?"

"पुरी दोन वर्षं."

द्वारकाबाईनं लेकीला जवळ ओढलं.

"थोरली तेवढीच जगली, रत्ने," ती म्हणाली. "आता तिची वर्षं बी तू खेळ."