बसून वाजवलेली सनई

मांडवातली सनई हातोहात फिरत होती आणि कुणालाच वाजत नव्हती.

दादरच्या चौपाटीवर लोककलांचा मेळा भरला होता. महाराष्ट्र राज्य होऊन आठवडाही लोटला नव्हता, त्यामुळं माणसं आधीच खुशीत होती. एका मांडवात पोवाडे रंगले होते, दुसऱ्यात लेझीम शिकवत होते, आणि या तिसऱ्यात नुसती वाद्यं मांडून ठेवली होती. ज्याला वाटेल त्यानं हाताळावं, शिकून घ्यावं. सनई जो कुणी फुंकायचा त्याच्या हातात ती रेडकासारखी ओरडायची आणि सगळा मांडव हसायचा. कांताही पदर तोंडाला लावून हसत होती. मग तिचं लक्ष नवऱ्याच्या हाताकडं गेलं. रामजी हसत नव्हता. त्याची बोटं सदऱ्याच्या कडेवर एकेक करून उचलली जात होती, टेकत होती.

"चला, उसाचा रस पिऊ," ती म्हणाली.

"थांब जरा."

धम्मदीक्षा घेतल्यावर रामजीनं वडिलांची सनई गावच्या खाडीत सोडून दिली होती. त्यानंतर त्यानं सनईला हात लावला नव्हता, विषयही काढला नव्हता.

तेवढ्यात कुशाबा धावत आला. कुशाबा रामजीच्या गिरणीतला, शेजारच्या साच्यावर कापड विणणारा. मेळ्याच्या कमिटीत होता.

"रामजीभाऊ, बरं झालं भेटलात. आमचा सनईवाला आलाच नाही, रत्नागिरीला त्याची बोट चुकली. मिरवणूक खोळंबलीय. तुम्हाला येते ना? पुढं राहा, चौपाटीभर एक फेरी मारू."

रामजीनं मान हलवली. "मिरवणुकीपुढं चालत वाजवायचं सोडलंय मी. आमच्या सगळ्या भावकीनं सोडलंय."

"अहो, पण इथं कोण तुम्हाला..."

"कुशाबाभाऊ," कांता मध्ये बोलली, "माझे सासरे जन्मभर दुसऱ्यांच्या वरातीपुढं वाजवत गेले. वरात घरात शिरली की ते अंगणाबाहेर. पानावर वरून टाकलेला भात खायचा आणि घरी यायचं. तुम्ही चांगल्या मनानं म्हणताय, कळतं मला. पण ह्याच वाळूत आम्ही बाबासाहेबांना निरोप दिलाय. इथं तरी नको."

कुशाबा टोपी काढून हातात धरून उभा राहिला.

मिरवणुकीसाठी वरळीच्या कोळणी नटूनथटून खोळंबल्या होत्या. त्यांची म्होरकी बकुळा, अंबाड्यावर अबोलीचा गजरा, हे सगळं ऐकत होती. ती पुढं आली.

"मंग चालू नको ना," ती रामजीला म्हणाली. "तू बस. आमी तुज्या भवती नाचताव."

एवढं बोलून ती थांबली नाही. मोठ्या मांडवात जाऊन तिनं अध्यक्षांसाठी मांडलेली हातांची खुर्ची उचलली, टोपलीसारखी डोक्यावर घेतली आणि आणून वाळूत रोवली. मागून येणाऱ्या कमिटीवाल्यांना म्हणाली, "उभे ऱ्हातील थोडा येळ. बसून बसून कंटाळलं असतील."

रामजीनं कांताकडं पाहिलं. कांता बकुळाकडं पाहत होती.

"आणि जेवायला कुठं बसवणार यांना?"

"माज्या बाजूला," बकुळा म्हणाली. "दुसऱ्या बाजूला तू. बोंबलाचं कालवण हाय. तिखट चालतंय ना?"

कांता नवऱ्याकडं वळून म्हणाली, "पालखीचं वाजवायचं नाही. वरातीचंही नाही."

"मग मला दुसरं येतं काय?" रामजी खरोखरच अडला. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून विचार करत राहिला. "तू भाकऱ्या थापताना म्हणतेस, ते वाजवू?"

"ते काय गाणं आहे?"

"रोज ऐकून पाठ झालंय मला."

तो बसला. पहिल्या फुंकेला सनई त्याच्याही हातात ओरडली. कुणीतरी हसलं. दुसऱ्या फुंकेला सूर फाटला, पण तिसऱ्याला धरला गेला, आणि मग हळूहळू कांताची ती परळच्या चाळीतली, चुलीपुढची चाल समुद्राच्या वाऱ्यावर निघाली. कांताला आधी ती ओळखूच आली नाही. आपण पीठ मळताना, तव्यावर भाकरी टाकताना, धुरानं डोळे चोळताना जे पुटपुटतो, ते एवढं मोठं असतं?

ढोलकीवाल्यानं दोनदा डोकं डोलावलं आणि ठेका दिला. कोळणींची कमर हलली. चाल पळायला लागली तशी लेझीमवाली पोरं शिकवणी टाकून आली, लालबागचे बाल्या नाचवाले घुंगरांसकट आले, गिरगावातल्या मुलींनी जागच्या जागी फुगड्या धरल्या. खुर्चीभोवती एक रिंगण झालं, त्याच्याभोवती दुसरं. अध्यक्ष उभे राहून टाळ्या वाजवत होते. कुशाबा टोपी उडवून नाचत होता, आणि ती कुठं पडली ते त्याला ठाऊक नव्हतं. बकुळानं कांताचा हात धरून तिला आत ओढलं. "मला येत नाही," कांता म्हणाली. पण चाल तिचीच होती, पाय कसे चुकणार?

सूर्य पाण्याला टेकला तरी रिंगण मोडेना. रामजीचे गाल दुखत होते, ओठ सुजले होते, सदरा पाठीला चिकटला होता. कांता फिरत फिरत समोर आली तेव्हा त्यानं तोंडातली सनई न काढता भुवया उंचावून विचारलं, थांबू का?

कांतानं पदर कमरेला खोचला.