वर्षातला सर्वोत्तम कॉल

कर्जवसुलीतल्या उत्कृष्ट सेवेची ट्रॉफी घेऊन शर्वाणी मंचावर उभी होती. प्रथेप्रमाणे तिच्या टीमचा विजेता कॉल आता सगळ्यांना ऐकवणार होते, कर्जदाराचं नाव तेवढं पुसून. असे कॉल यंत्र करी, आणि तेही कर्जदाराला जिचा शब्द मोडवत नाही अशा व्यक्तीच्या आवाजात.

“बाबा, जेवलात का?” सभागृहात आवाज घुमला.

आवाज शर्वाणीचा होता.

“ठमाबाई, सहा वर्षांनी आठवण झाली होय गं?” तिचे वडील म्हणत होते. “तुझ्या लग्नाला आलो नाही, चुकलंच माझं.”

“हप्ता राहिलाय, बाबा.”

“आत्ता भरतो. तू फोन ठेवू नकोस.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. “या ग्राहकानं आपल्याला दहापैकी दहा गुण दिलेत,” निवेदक कौतुकानं म्हणाला. “कर्ज फिटल्याबरोबर त्यांनी दुसरं काढलं.”

शर्वाणीनं मंचावरूनच त्यांना फोन लावला.

“बाबा, मी बोलतेय.”

“हो, ओळखला आवाज,” ते अदबीनं म्हणाले. “या महिन्याचा हप्ता भरलाय मी. पण आलाच आहे फोन, तर बोला थोडं.”