बोटीने आलेलं गाठोडं

एकुलता एक विश्राम मुंबईला नोकरीला होता. दर वैशाखात तो मालवणच्या बोटीने जुन्या कपड्यांचं गाठोडं घरी पाठवी आणि त्याची बायको विमला पावसाआधी त्यांची वाकळ शिवून काढी. त्या घरातली चिंधीसुद्धा उकिरड्यावर जात नसे. लग्नाला आठ वर्षं झाली होती, पदरी मूल नव्हतं. विश्राम दोन वर्षांत फिरकला नव्हता. त्याच्या विरलेल्या सदऱ्यांवरून हात फिरवला, की तिला तेवढंच बरं वाटे.

यंदा सदऱ्यांच्या घडीतून एक इवलासा, विटका फ्रॉक निघाला.

"आई, ह्यो कोणाचो?" तिने सासूला विचारलं.

सासूने सुपातल्या तांदळावरची नजर काढली नाही.


"घाल गो तोय वाकळीत. माझ्या नातीक आता लहान झालो."