मायेस्त्रोंच्या हातांचा साचा

"खोल पेटी घ्या, बाई," पियानोवादक मायेस्त्रो एवारिस्तो म्हणाले. "सान्तियागोत त्या गाढवांनी नुसती बोटं उतरवली. माझे हात मनगटाच्या वरपर्यंत दिसले पाहिजेत."

सोइलाने मान हलवली आणि त्यांना बाकाला खिळवलेल्या खोल पेटीपाशी बसवलं.

किटोच्या नाट्यगृहाच्या दारात मायेस्त्रोंचे हात संगमरवरात कोरून ठेवायचे, असं समितीने ठरवलं होतं. त्यासाठी आधी प्लास्टरचा साचा हवा. गावात साचे घेणारी ही एकटीच. एरवी ती मेलेल्यांचे चेहरे उतरवून घ्यायची. या कामाची मजुरी मात्र तिने नाकारली होती. मायेस्त्रोंचे आपल्यावर उपकार आहेत, एवढंच ती समितीला म्हणाली. मायेस्त्रोंना त्याचं नवल वाटलं नाही. सगळ्या खंडावरच त्यांचे उपकार होते.

त्यांनी तिच्याकडे धड पाहिलंही नव्हतं. रुंद पंजाची, कमी बोलणारी बाई, एवढंच त्यांच्या ध्यानात आलं. बोटीत, गाडीत आणि हॉटेलांत आयुष्य काढणाऱ्या माणसाने चेहरे किती लक्षात ठेवायचे? लिमा असो की हवाना, तेच हार, तीच भाषणं, तेच बेसूर पियानो. सांभाळायचे ते फक्त हात. दार ते स्वतः कधी उघडत नसत. मांस कापूनच त्यांच्या ताटात येई. कुणी हात पुढे केला, तर ते कोपर पुढे करत.

"संध्याकाळी कार्यक्रम आहे. हातांना काही होणार नाही ना?"

"काही नाही. जरा गरम होईल, घाबरू नका."

"होऊ द्या की! तुमच्या या डोंगरातल्या थंडीने बोटांची लाकडं झालीत."

सोइलाने त्यांच्या हातांना तेल चोळलं, पेटीत प्लास्टर ओतलं, त्यावर हात ठेवले. मग हातांच्या कडेकडेने रेशमी दोरा फिरवून टोकं बाहेर घेतली आणि वरून भांडी भरभरून प्लास्टर ओतलं.

"हे आवळायला लागलं की मी दोरा ओढणार. साचा दुभंगतो आणि हात मोकळे होतात. लवकर ओढला तर साचा ढासळतो. वेळ टळली तर दगड होतो."

"आणि टळलीच वेळ तर?"

"माझी गिऱ्हाइकं मेलेली असतात, मायेस्त्रो. त्यांची कधी तक्रार आली नाही."

मायेस्त्रो खो खो हसले. बाई बरी होती.

त्यांचा चिटणीस फर्मिन दाराशी घुटमळत होता. "तू काय करतोयस इथे? नाट्यगृहात जा. माझी खुर्ची नीट ठेवली का बघ, आणि बस तिथेच."

"पण तुम्हाला काही लागलं तर..."

"जा म्हणतो ना! तू डोक्यावर उभा राहिलास की माझे खांदे आखडतात."

फर्मिन गेला. खाली रस्त्यावर देवाची मिरवणूक निघाली होती. ढोल, कर्णे, फटाके. मायेस्त्रोंचा चेहरा वाकडा झाला.

"ती खिडकी लावा हो. कर्णेवाला पार सूर सोडून वाजवतोय."

सोइलाने खिडकी लावली. दोऱ्याची टोकं बोटाला गुंडाळून ती समोर बसली. पेटीत छान ऊब येऊ लागली होती. मायेस्त्रोंना बोलावंसं वाटलं.

"गेल्या खेपेला इथे खेचरावरून चढलो होतो. तेव्हा आगगाडी नव्हती."

"आठवतं. सगळा गाव सामोरा आला होता."

"आणि सगळ्या गावाच्या पोरी माझ्या हॉटेलात! जाईन तिथे हेच. मायेस्त्रोंनी ऐकावं आणि निकाल द्यावा. मी हो म्हटलं, तर बाप घर विकून पॅरिसला धाडणार. नाही म्हटलं, तर पियानोला कुलूप."

"मग तुम्ही काय सांगायचात?"

"सगळ्यांना एकच. पोरी, तुझे हात पीठ मळायला छान आहेत."

"न ऐकताच?"

"ऐकतंय कोण! पहिल्या पानालाच माझा डोळा लागायचा." ते थांबले. "इथल्या एकीचं मात्र ऐकलं होतं. असेल तेरा-चौदाची. पंजा हा एवढा. देवाशपथ सांगतो बाई, त्या वयात मला तसं वाजवता येत नव्हतं."

"खरंच?"

"आत्ता तरी येतं की नाही कुणास ठाऊक. झोपच उडाली माझी."

"मग तिला काय सांगितलंत?"

"तेच! उलट जरा जोरातच सांगितलं. एका म्यानात दोन तलवारी राहतात होय? बापाने माझ्यासमोर पियानोला कुलूप घातलं. पोरगी रडली नाही हं. उलट माझ्या हाताचं चुंबन घेऊन गेली."

खिडकीबाहेर फटाक्यांची माळ फुटली. पेटीतली ऊब आता ऊब राहिली नव्हती.

"बाई, चांगलंच तापतंय. ओढा आता तो दोरा."

सोइलाने बोटाला गुंडाळलेला दोरा सावकाश सोडवला. टोकं चिमटीत धरून ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"वीस वर्षं पीठ मळताना, साचे भरताना मी तुमच्यासाठी मेणबत्ती लावत आले," ती म्हणाली. "वाटायचं, कुणीतरी मला वेळेवर खरं सांगितलं."

मायेस्त्रोंनी तेव्हा पहिल्यांदा तिच्या हातांकडे नीट पाहिलं.

तिने कात्री घेतली, दोरा प्लास्टरच्या अगदी कडेशी कापला आणि मिरवणुकीला जायला शाल उचलली.

"आता गरम होईल, मायेस्त्रो."