डोंगरीचा चढ

"एका दारातून चार माणसं एकदम बाहेर पडायला बघतायत, तसं झालंय तुमच्या इंजिनाचं," मिस्त्री म्हणाला. बॉनेट उघडून त्यानं आत बोट दाखवलं. "चारी सिलिंडरचा धूर एकाच नळीत कोंबलाय. मी चौघांना चार पाइप देतो, आपापले. मग बघा, डोंगरीचा चढ कशी चढते ती."

मिस्त्री कुर्ल्याचा. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत लष्कराच्या कारखान्यात होता आणि पाइपही त्यानं तिथल्याच भंगारातून जमवले होते.

कॅजिटन डोकं खाजवत राहिला. उत्तनहून भाईंदर स्टेशनला जाणारी तेव्हा त्याची एकच लॉरी, तीही बारा वर्षांची.

"जुनी हाय रे. जास्त जोर लावला नि इंजिन फुटलं तर? नि आवाज केवढा करंल! आता चाललंय ना. बायका ढकलतायत."

बायका तिथंच चर्चच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. सातजणी. रोज सकाळी त्या मासळीच्या पाट्या घेऊन लॉरीवर चढत, डोंगरीच्या चढाखाली उतरत, लॉरी वर ढकलत, पुन्हा चढून बसत आणि भाईंदरला आगगाडी धरून मुंबईच्या बाजारात जात. ढकलतात म्हणून कॅजिटन त्यांच्याकडून भाडं घेत नसे.

सबीना पुढे झाली. जवळच्या तारोडी गावची, पन्नाशीची. नवरा नाही, होडी नाही. दुसऱ्यांच्या होडीची मासळी घ्यायची आणि बाजारात नेऊन विकायची, एवढंच तिचं होतं. कॅजिटनच्या आईची ती मैत्रीण, म्हणून त्याची मौशी.

"ढकलतायत म्हणं! ॲलिसचं पोट बघ जरा. सातवा महिना हाय. शुक्रवारी चिखलात गुडघ्यावर पडली, तवा तू काय बोललास? हात सोडू नका, गाडी मागं येईल. हेच ना?"

"मौशी, तुला इंजिनातलं काय कळतंय?"

"इंजिनातलं न्हाय कळत. पोटातलं कळतंय. तिचं बाळंतपण त्या चढावर करायचं हाय तुला? सुईण म्हणून तू बसशील? तुझ्या जन्माच्या वक्ताला तुझ्या आयच्या उशाशी मीच होते. तवा पण तू असाच दोन दिस अडून बसला होतास."

बायका खो खो हसल्या. मिस्त्रीनंही तोंड फिरवून हसून घेतलं.

"बसव रे बाबा," कॅजिटन म्हणाला. "हिच्या तोंडापेक्षा तो आवाज परवडला."

काम दोन दिवस चाललं. दोन्ही दुपारी सबीनानं मिस्त्रीला बोंबलाचं कालवण रांधून घातलं. संध्याकाळी ॲलिस सबीनाच्या घरी आली आणि सबीना नको नको म्हणत असताना तिच्या टाचांच्या भेगांना तेल चोळून गेली.

तिसऱ्या दिवशी लॉरी सुरू झाली, तशी चर्चच्या कौलांवरची कबुतरं एकदम उडाली. चढाखाली येताच बायका सवयीनं पदर खोचून उठल्या.

"बसा गो!" कॅजिटन पुढून ओरडला.

लॉरी थांबली नाही. गुरगुरत, धूर ओकत, सात बायका आणि त्यांच्या पाट्या घेऊन ती चढ चढत गेली. एकीनं कपाळावर, छातीवर क्रुसाची खूण केली. ॲलिसनं सबीनाचा दंड घट्ट धरला आणि लहान मुलीसारखी हसत सुटली. सबीनाच्या डोळ्यांत पाणी आलं.

माथ्यावर कॅजिटननं लॉरी उभी केली. खाली उतरून बॉनेट थोपटलं. मग मागं आला आणि एकेकीवर बोट रोखत बायका मोजत गेला.

"सातजणी. तुमच्या जागंत वीस पाट्या तरी मावतील."

कुणाला काही उमगलं नाही.

"उद्यापासून दलालाचा माल भरतोय. तुमची मासळी पण तोच घेईल, किनाऱ्यावर. तुम्हाला मुंबईचं काम न्हाय आता. घरी बसा. आराम करा."

"मी काय विकू त्याला?" सबीना म्हणाली. "माझी कुठं होडी हाय?"

"काय?" इंजिन चालूच होतं.

"माझी होडी न्हाय!"

कॅजिटन जरा गोंधळला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं.

"मौशी, तूच बोललीस ना, बायकांचे हाल होतायत म्हणून?"

"नि बंद पडली तर?"

"तर बोलवीन की. तुम्ही काय लांब हाय?"

तो पुढे जाऊन बसला. लॉरी उताराला लागली. ॲलिसनं सबीनाचा दंड कधीच सोडला होता. तिनं आपली पाटी ओढून दोघींच्या मधे ठेवली. सातजणींतली ग्रेसी दुसऱ्या कडेनं म्हणाली, "ढकलून कोण मेलं होतं का?"

वाटेवरच्या राई गावात आवाजानं घराघरांतून माणसं बाहेर आली. पोरं टाळ्या पिटत लॉरीमागं धावायला लागली. विहिरीवरून रखमाबाईनं सबीनाला ओळखलं आणि हात उंचावून हाक घातली, "सबीना, कुणाची वरात गो ही, येवढी वाजत गाजत?"

सबीना पुढं बघत राहिली.

आवाजावर आवाज चढवायला ॲलिसनं दोन्ही हात तोंडाशी धरले. "तिलाच विचार! तिनंच जमवलीय!"

आणि लॉरीवरच्या सगळ्या बायका हसल्या.